पाणी कुठून जाणार?

सोलापूर, नोव्हेंबर 2025

पोरी,

परवा कंबर तलावाच्या कट्ट्यावर मी तुझ्यावर ओरडलो. तू मोबाईलवर मिग-21 लढाऊ विमानाची तीन चित्रं दाखवत होतीस. एक लखलखीत चंदेरी, एक 1971 च्या लढाईतलं हिरव्या पट्ट्यांचं, एक बायसनचं, म्हणजे मिग-21 च्या शेवटच्या सुधारित आवृत्तीचं, करड्या रंगाचं. निवृत्त मिग-21 चौकात उभं करायला निघालेल्या समितीनं तुला रंग ठरवायला सांगितलाय. "काका, यातला कुठला?" मी उलट विचारलं, त्याच्या पोटात शिरलेलं पाणी कुठून जाणार? तू हसून म्हणालीस, "सोलापुरात पाऊस पडतोय होय काका!" तिथं माझं डोकं फिरलं.

त्यानंतर तू जे बोललीस ते मी धड ऐकलंच नाही, घरी आल्यावर आठवत बसलो. सभेत एका बाईंनी विचारलं की ज्या विमानात आपलीच एवढी पोरं गेली ते चौकात कशाला टांगायचं, आणि तुला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तुला वाटतंय की यातून अंग काढून घ्यावं. बाईंच्या प्रश्नाकडं येतो. पण आधी पाणी.

मी एअरफ्रेम फिटर. विमानाची हाडं, कातडं आणि पाय आमच्याकडं. इंजिनवाले वेगळे, वीजवाले वेगळे. अठ्ठावीस वर्षं तेच केलं. कॉर्पोरल असताना एका तळावर गेटापाशी हंटर जातीचं एक निवृत्त लढाऊ विमान उभं होतं. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून त्याला रंग द्यायचं काम माझ्याकडं आलं. चार पोरं घेऊन मी आठवडाभर घासून घासून रंग दिला. आरशासारखं झालं. पण रोज सकाळी पोटाखाली काळपट ओघळ दिसायचे. विमानाच्या पोटाला बारीक भोकं असतात, काडेपेटीच्या काडीनं चाचपावीत एवढी. आत साचलेलं पाणी त्यातून ठिबकतं. ओघळ तिथूनच येत होते. वरून हुकूम आला, ते डाग बंद करा. मी भोकांत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वरून रंग फिरवला. एकूण एक भोक. मोजली नव्हती, पण एकही सोडलं नाही याची खात्री आहे, कारण काम मी नीटच करायचो. तपासणीत शाबासकी मिळाली.

तीन पावसाळ्यांनी ते हंटर दुसरीकडं हलवायचं ठरलं. मी अजून तिथंच होतो. खालचं एक पॅनेल उघडलं तर रांजण फुटल्यासारखं पाणी अंगावर आलं. काळं, कबुतराच्या पिसांचं, वास मारणारं. आतल्या फ्रेमवर पांढरी भुकटी चढली होती, पिठाच्या गिरणीत भिंतीवर बसते तशी. ॲल्युमिनियम गंजतं तेव्हा लोखंडासारखं लाल होत नाही, ते फुगतं. खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, दाबलाही नाही, आणि तो आरपार गेला. उचलताना मोडेल म्हणून ते विमान तिथंच कापलं. बाहेरचा रंग अजून चकचकीत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

हुकूम होता, मी कॉर्पोरल होतो, मी काय बोलणार? हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. पण ती भोकं कशासाठी असतात हे त्या साहेबांना ठाऊक नव्हतं आणि मला होतं. "साहेब, पाणी कुठून जाणार?" एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. म्हणून आता दिसेल त्याला विचारतो. लोकांना वाटतं म्हातारा भ्रमिष्ट झालाय. वाटू दे.

आता सोलापूरचा पाऊस. आपल्याकडं पाऊस कमी, हे मला तू सांगायला नको. पण वर्षातून तीन-चार वेळा कोसळतो तेव्हा कसा कोसळतो? तेवढा पुरतो. आणि विमानात पाणी फक्त पावसानं येत नाही. उन्हाळ्यात पारा 44 वर गेला की कॉकपिटच्या काचेभोवतीचं रबर आक्रसून तडकतं. थंडीत पहाटे दव पडतं, ते त्याच फटीतून आत. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट आला की पाहुण्यांसाठी पाइप लावून विमान धुतील, आणि चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात त्या कामाला टँकर बरोबर मिळेल! त्यात आपली धूळ. ती भोकात बसते, ओली होते आणि ओल्या पोतेऱ्यासारखी धातूला चिकटून राहते. वर कबुतरं. पुढून हवा घ्यायचं तोंड आणि मागचा धुराड्याचा भाग, दोन्ही त्यांना आयतं घर. त्यांची विष्ठा ॲल्युमिनियम खाते.

समितीच्या चित्रात विमान लोखंडी खांबावर आहे, नाक आभाळाकडं, आत्ता झेपावेल असं. दिसायला झकास. पण ती भोकं विमान चाकांवर सरळ उभं असतं तेव्हा सगळ्यात खाली कोणती जागा येते ते बघून पाडलेली असतात. तू नाक वर केलंस की पाणी शेपटीकडं धावणार, आणि तिथल्या सांदीकोपऱ्यांत वाट असेलच असं नाही. पाणी कुठून जाणार, हे त्या खांबाचं चित्र काढणाऱ्याला विचार. तो इंजिनिअर आहे, त्याला राग येणार नाही. आलाच तर माझं नाव सांग.

रंगाचं एका ओळीत सांगतो. जे विमान मिळेल त्याच्या अंगावर निवृत्तीच्या दिवशी जो रंग असेल, तोच. बायसनला 1971 चे पट्टे मारू नका. त्या लढाईत ढाक्याला गेलेली मिग-21 जुन्या आवृत्तीची होती. झालं. रंगावर याहून जास्त मिनिटं घालवू नकोस.

26 सप्टेंबरला चंदीगडचा निरोप समारंभ तू टीव्हीवर बघितलास, रडलीस म्हणालीस. मीही बघितला. 1963 मध्ये जिथं पहिली मिग-21 आली, तिथूनच शेवटची गेली. आठशेच्या वर विमानं या देशानं वापरली, त्यातली सहाशेच्या वर आपल्या ओझरला बांधलेली. त्या कारखान्यात रिव्हेट मारून म्हातारी झालेली माणसं नाशिकभर आहेत, त्यांच्याशी कुणी चार शब्द बोलतं का? असो. शेवटी विमानांना पाण्याच्या तोफांची सलामी दिली. सगळे भावुक, आणि मला काय दिसत होतं सांगू? ते पाणी कुठं कुठं शिरतंय. बायको म्हणाली, आज तरी गप्प बसा.

आता त्या बाईंचा प्रश्न. तुला उत्तर सुचलं नाही ते बरं झालं, कारण तू काहीतरी देशभक्तीचं बोलली असतीस. बाईंचं खरं आहे. शेकडो अपघात झाले, शंभराच्या वर वैमानिक गेले. हे विमान उतरताना ताशी 300 किलोमीटरच्या वर असायचं आणि आपली पोरं साध्या, हळू विमानांवर शिकून थेट त्यात बसायची. मधल्या पायरीचं ट्रेनर विमान हवं, असं 1982 मध्येच एका समितीनं सांगितलं होतं. ते हॉक 2008 मध्ये आलं, आणि कुठं आलं? इथं शेजारी, बिदरला. सव्वीस वर्षं. मिग-21 नीच 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट सोडली आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरनं त्याच दिवशी राजीनामा लिहिला, हेही खरं. दोन्ही एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा. समिती तयार नसेल तर विमान आणू नका. आणि तो फलक त्या बाईंकडून वाचून घे, छापायच्या आधी.

पण पोरी, फलकाचं ठरलं म्हणून विमान टिकत नाही. विक्रांत माहीत आहे ना? आपली पहिली विमानवाहू नौका. 31 जानेवारी 1997 ला ती निवृत्त झाली आणि मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. मी माझ्या पोरांना घेऊन गेलो होतो. तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? 2012 ला संग्रहालय बंद पडलं, 2014 मध्ये ती मुंबईतच दारूखान्यात, जुनी जहाजं मोडतात तिथं, तोडायला घेतली. तिच्या लोखंडाचा अंश एका मोटरसायकलच्या टाकीत घातला, तो मात्र लोकांनी हौसेनं विकत घेतला. घोषणा देणारे खूप होते; दरसाल दुरुस्तीला लागणारा पैसा कुठून येणार याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. हाही माझाच प्रश्न आहे, फक्त पाण्याऐवजी पैसा.

आणि उलटंही होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानं मुद्दाम नासवून टाकली होती, पुन्हा कुणी उडवू नये म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं तिथं गेली, होतं त्यातून जुळवाजुळव केली आणि ती विमानं उडवत बंगळूरला नेली. आपल्या हवाई दलानं ती 1968 पर्यंत वापरली. पुढं परदेशातल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा त्यांना आपल्याकडं यावं लागलं. ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातलं लिबरेटर आपल्याकडून गेलेलं आहे. ती विमानं वाचली कारण त्यांची रोज निगा होत होती. दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात कापडी पंखांचं वापिती विमान आहे, 1933 मध्ये आपलं हवाई दल ज्या जातीच्या विमानांवर सुरू झालं ते. कापडाचं, आणि टिकलंय! कारण ते हँगरमध्ये आहे, डोक्यावर छप्पर आहे. तुमची समिती छपराला "नंतर बघू" म्हणते. जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून सगळ्यांना विमानाचं वारं लागलंय, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आत चौकात मिग हवं. गड्डा दरवर्षी येतो. एक चुकला तर सिद्धेश्वर महाराज रागावणार नाहीत.

मी समितीतून का उठलो हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. लोक म्हणतात हट्टीपणा केला. छपराशिवाय माझी सही मिळणार नाही, एवढंच म्हणालो होतो. फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, अठ्ठावीस वर्षं सह्या केल्यात मी. सही म्हणजे विमान पडलं तर आधी मला बोलवा, असा त्याचा अर्थ. यांना सही म्हणजे फोटोखाली नाव वाटतं. कुणी तरी म्हणालं, "काका, हे कुठं उडणाराय?" त्यावर मी उठलो. चूक केली नाही. चहा पिऊन उठायला हवं होतं, एवढंच.

माझे वडील गिरणीत विणकर होते. गिरणी बंद झाली आणि माग किलोवर गेले, ट्रक भरभरून. मी तेव्हा नोकरीवर, लांब. सुटीवर आलो तेव्हा शेड मोकळी होती, जमिनीवर तेलाचे चौकोन तेवढे उरले होते. वडिलांनी एक धोटा खिशात घालून आणला होता. तो माझ्या कपाटात आहे, वर्षातून दोनदा तेलाचं बोट फिरवतो. या गावात जपलेलं असं काय आहे आणि विकलेलं किती, ते तू मोज. मला मोजवत नाही.

म्हणून अंग काढून घेऊ नकोस. तू निघालीस तर त्या सभेत काचेचं रबर आणि पोटातली भोकं यांतला फरक कळणारं कुणी उरणार नाही. तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, लोक तुला लहान समजतील. समजू देत. माझ्या तोंडून चार शब्द निघाले नव्हते तेव्हा मी तुझ्याहून मोठाच होतो.

हवाई दलाला जायच्या पत्रात हे घाल. खुर्चीतली स्फोटक काडतुसं काढली आहेत असं लेखी द्या. इजेक्शनची खुर्ची खेळणं नाही, आणि चौकात पोरं चढणारच. जुन्या घड्याळांच्या काट्यांना अंधारात चमकणारा रंग असतो तसा याच्या यंत्रांत आहे का, असेल तर कसला, तेही विचार. इंजिन असेल की नाही, असेल तर कोणत्या स्थितीत. चाकांवर भार किती वर्षं ठेवायचा? माझ्या मते एक दिवसही नको. टायर बसतो आणि विमान एका बाजूला कलतं. कललं की पाणी एका कोपऱ्यात. विमान खाली स्टँडवर घ्या, सरळ. रस्त्यानं आणताना पंख सुटे करावे लागतील. जे बोल्ट काढाल ते पिशवीत घालून त्यावर जागा लिहा. नंतर बाजारातला लोखंडी बोल्ट ठोकला तर तो ॲल्युमिनियमला आतून खाईल.

रविवारी सकाळी आठला ये, उन्हाच्या आत. टॉर्च आण. माझ्याकडं दांड्याचा एक लहान आरसा आहे, दाताच्या डॉक्टरकडं असतो तसा, जरा मोठा. तो कसा धरायचा ते स्कूटरच्या पोटाखाली दाखवतो, विमान येईपर्यंत तिच्यावरच हात बसव. आणि येताना त्या खांबाच्या चित्राची प्रत आण. नाक किती अंशानं वर आहे ते त्यावर लिहिलेलं नाही, मी परवा बघितलं.