धुरकं गेलं, तरी डोळे का चुरचुरतात?

प्रश्न : डिसेंबरात सकाळी टेकडीवरून पुण्यावर तपकिरी पट्टा दिसतो. ऊन चढलं की जातो. पण दुपारी डोळे चुरचुरतात. का?

उत्तर : पट्टा विरला म्हणजे हवा धुऊन निघाली, असं नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वर सरकत नाही. गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर तिथंच कोंडतो. त्यात अंधारात नायट्रस आम्लाची वाफ साठते. पहिलं ऊन पडलं की ती फुटते आणि हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा सुटतो. हा गडी सेकंदभरही टिकत नाही, पण समोर येईल त्या वायूचा लचका तोडतो. हिवाळ्यातलं ऊन तिरपं, अतिनील किरण कमी, त्यामुळे दुसऱ्या वाटांनी हायड्रॉक्सिल थोडंच बनतं. म्हणून ही रात्रीची शिदोरी फार कामी येते.

धुरातला तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडही उन्हात फुटतो, त्यातून ओझोन होतो. सोबत, हायड्रॉक्सिलनं धुरातल्या वायूंचे लचके तोडले की बनणारा फॉर्माल्डिहाइड वायू. दोघंही झोंबणारे, आणि तुम्हाला न दिसणारे.

१९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट वाकवलेल्या रबराला किती भेगा पडतात यावरून ओझोन मोजत. निवृत्तीनंतर मीही गॅलरीत ताणलेलं रबरबँड ठेवून पाहिलं. भेगा पडल्या, बायकोच्या मते रबरच स्वस्तातलं होतं!