गादीवाफ्यात टोमॅटोचे अनेक वाण : वाचकांचे प्रश्न

गादीवाफा हा शब्द आपल्याकडे रोपवाटिकेपुरता जुना आहे, परंतु गेल्या काही वर्षांत घरामागच्या जागेत विटांचे, चिऱ्यांचे किंवा फळ्यांचे कायमचे उंच वाफे बांधून त्यांत भाजी घेणारे वाचक वाढले आहेत. त्यांपैकी अनेकांनी टोमॅटोच्या एकाहून अधिक वाणांविषयी विचारले आहे, म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्यामागे विटांचे दोन गादीवाफे बांधले आहेत. प्रत्येक वाफा ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असून लांबी पूर्व-पश्चिम आहे. माझ्याकडे चौदा वाणांचे बियाणे जमले आहे. त्यांत पुसा रूबी, अर्का विकास, रोमा, ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाइन, लाल व पिवळे चेरी असे वाण आहेत. सगळे एकाच हंगामात लावता येतील का? बी केव्हा टाकावे आणि रोपांची मांडणी कशी करावी? (एक वाचिका, कोथरूड, पुणे)

उत्तर : प्रथम जागेचा हिशेब करू. उंच वाढणाऱ्या टोमॅटोला दोन रोपांत दोन फूट अंतर हवे. आपल्या वाफ्यात दोन फुटांवर दोन ओळी धरल्या आणि कडेपासून एक फूट सोडला, तर एका ओळीत चार, म्हणजे एका वाफ्यात आठ आणि दोन्ही मिळून सोळा रोपे बसतात. बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) नियमित काढून एकच खोड वर नेण्याची आपली तयारी असेल, तर अंतर दीड फुटावर आणून वीस रोपे लावता येतील, परंतु पहिल्या वर्षी तसे करू नये असे माझे मत आहे. दाटीत हवा खेळत नाही, पाने सकाळी उशिरापर्यंत ओली राहतात आणि करपा नेमका तिथेच सुरू होतो.

सोळा जागांत चौदा वाण लावले, तर बहुतेक वाणांचे एकेकच रोप राहील. एका रोपावरून वाणाची पारख होत नाही, कारण ते रोगाने गेले की त्या वाणाचा दोष की त्या जागेचा, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून आठ वाण निवडावेत, प्रत्येकाची दोन रोपे धरावीत आणि ती दोन रोपे दोन वेगळ्या वाफ्यांत लावावीत. एका वाफ्यात मर रोग लागला, तरी दुसऱ्यातले रोप हाती राहते, आणि दोन्हीकडे एकच वाण कसा वागला याची तुलनाही होते. उरलेले सहा वाण पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. टोमॅटोचे बी कोरड्या व थंड जागी हवाबंद डबीत ठेवले, तर तीन-चार वर्षे चांगले उगवते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

निवड करताना वाणाची वाढ पाहावी. रोमाचे झुडूप ठरावीक उंचीपर्यंत वाढते आणि त्याची बहुतेक फळे थोड्या दिवसांत एकदम पिकतात, त्यामुळे सॉससाठी किंवा साठवणीसाठी ते सोयीचे. ब्रँडीवाइन, ब्लॅक क्रिम आणि बहुतेक चेरी वाण मात्र हंगाम संपेपर्यंत वाढत राहतात आणि त्यांना सहा फुटांचा आधार लागतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो. त्यामुळे आपल्या पूर्व-पश्चिम वाफ्यांत उंच वाण उत्तरेच्या ओळीत आणि बुटके दक्षिणेच्या ओळीत लावले, तर उंच रोपांची सावली वाफ्याबाहेर पडते. चेरीचा पसारा सर्वांत मोठा, म्हणून त्याला टोकाची जागा द्यावी. तिथे तो बाहेर झुकला, तरी शेजारच्या रोपावर चढत नाही. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळते आहे ना, हे लागवडीपूर्वी एक दिवस बसून पाहावे, कारण शेजारच्या इमारतीची सावली जूनमध्ये जिथे नसते तिथे डिसेंबरमध्ये पोचते.

आता हंगामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण परदेशी वाणांच्या बाबतीत निराशा बहुधा इथे होते. टोमॅटोची फळधारणा रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असताना उत्तम होते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की परागकण निकामी होतात आणि फुले देठापासून गळतात. तापमान ३० अंशांच्या वर टिकले, तर फळाला लाल रंग देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये फळ पिकूनही नारिंगी-पिवळट दिसते ते यामुळेच. पुसा रूबी आणि अर्का विकास हे आपल्याकडील हवामानात निवडलेले वाण काही चढउतार सोसतात, परंतु ब्रँडीवाइनसारख्या वाणाला लागवडीनंतर पहिले फळ पिकायला ऐंशी-नव्वद दिवस लागतात. त्याचे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाकावे आणि २५ ते ३० दिवसांचे रोप वाफ्यात लावावे. म्हणजे फुलोरा नोव्हेंबरच्या सुखद रात्रींत येतो आणि फळे जानेवारीत हाती लागतात. तेच बी नोव्हेंबरमध्ये टाकले, तर फुलोरा फेब्रुवारीच्या वाढत्या उन्हात सापडतो आणि आपण वाणाला दोष देत बसतो.

फेब्रुवारीपासून दुसरे संकट पांढऱ्या माशीचे. ही माशी पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते. रोप लहान असताना तो लागला, तर पाने आक्रसून वरच्या बाजूला वळतात आणि फळ धरत नाही. उपाय रोग दिसल्यावर नव्हे, आधी करायचा असतो, म्हणून रोपे बारीक जाळीच्या नायलॉन नेटखाली वाढवावीत. आपल्या यादीत मी एका वाणाची भर सुचवतो : बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक. हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. इतर वाणांच्या मध्ये तो असला की त्या वर्षी बागेत रोगाचा जोर किती होता, हे त्याच्या शेजारच्या रोपांवरून समजते.

नावाच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी लावाव्यात. मार्करची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते, साधी शिसपेन्सिल मात्र लाकडी पट्टीवर हंगामभर टिकते. शिवाय मांडणीचा नकाशा वहीत काढून ठेवावा, कारण पट्ट्या मुलांच्या हाती लागतात आणि मांजरीही त्या पाडतात. पेरणी, पहिले फूल आणि पहिले पिकलेले फळ या तीन तारखा वाणवार लिहिल्या, तर पुढच्या वर्षीची निवड आपली वहीच करून देईल.

प्रश्न : आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचे वाफे करून त्यांत बागेतलीच माती भरली. टोमॅटोची झाडे चांगली वाढली आणि फुलोऱ्यात असताना दोन दिवसांत हिरवीच्या हिरवी कोमेजली. पाणी देऊनही सावरली नाहीत. गादीवाफ्यात निचरा चांगला असतो, मग असे का झाले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून ही जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी आहे. कोमेजलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापून, त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात काही मिनिटे धरावा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले, तर शंका उरत नाही. उबदार, ओलसर आणि आम्लधर्मी मातीत हा जिवाणू चांगला तग धरतो, आणि कोकणात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. वाफा उंच केल्याने निचरा सुधारतो हे खरे, परंतु आपण वाफ्यात भरलेली माती त्याच जागेची असल्याने जिवाणूही तिच्याबरोबर आत आला.

या वाफ्यांत निदान दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांपैकी काहीही लावू नये. मका, भेंडी, पालेभाजी किंवा कांदा घ्यावा. रोगट झाडे मुळांसकट उपटून जाळावीत, त्यांचे खत करू नये. नवा वाफा करायचा असेल, तर तो दुसऱ्या जागी आणि वेगळ्या मातीचा करावा. जिथे टोमॅटो-वांगी कधी झाली नाहीत अशा जागेची माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग हे मिश्रण मला समाधानकारक वाटते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी ते दोन-तीन पाण्यांतून धुवावे. मातीचा सामू (पीएच) तपासावा. टोमॅटोला तो ६ ते ७ च्या दरम्यान हवा, म्हणून ६ पेक्षा कमी असेल, तर लागवडीच्या महिनाभर आधी थोडा चुना मिसळावा.

वाणांच्या निवडीत मी आपल्याला थोडा संयम सुचवेन. अर्का रक्षकबरोबरच अर्का आभा आणि अर्का आलोक हे सरळ (संकरित नसलेले) वाण, तसेच केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती व मुक्ती हे वाण या मरीला प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. केरळच्या आणि आपल्या किनाऱ्याच्या हवेत बरेच साम्य असल्याने ते आवर्जून करून पाहावेत. आवडीचा एखादा जुना परदेशी वाण हवाच असेल, तर त्याचे रोप रानवांग्याच्या खुंटावर कलम करून लावता येते, कारण त्या खुंटाची मुळे या जिवाणूला दाद देत नाहीत. आंब्या-काजूची कलमे बांधणारे हात आपल्या जिल्ह्यात घरोघर आहेत. टोमॅटोचे कलम नाजूक असते आणि बांधल्यावर आठवडाभर दमट सावलीत ठेवावे लागते, परंतु त्या हातांना ते अवघड जाणार नाही.

प्रश्न : गच्चीवर विटांचा ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि एक फूट उंच वाफा बांधून सहा वाण लावावेत असा विचार आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एवढ्या वाफ्यात अठरा घनफूट माती बसते. ओली माती दर घनफुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, म्हणजे विटा सोडून सुमारे आठशे किलोंचा भार एकाच जागी येईल. स्थापत्य अभियंत्याला इमारत दाखवल्याशिवाय हे करू नये. मी तर म्हणेन की गच्चीवर विटांचा वाफा बांधूच नये. कोकोपीटचे प्रमाण जास्त ठेवून भरलेल्या, दीड फूट खोलीच्या सहा स्वतंत्र पिशव्या तुळयांच्या रेषेवर मांडल्या, तर भार विभागला जातो, आणि एका वाणाला मर लागली, तरी ती दुसऱ्याच्या मातीत सहजी जात नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. जुन्या घराच्या परसात आधीच्या मालकांनी लाकडी फळ्यांचे उंच वाफे केले होते. ते तसेच वापरावेत का? कोणते वाण लावावेत? आईच्या हातच्या साराची आंबट चव देणारा वाण इथे मिळेल का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : फळ्या केव्हाच्या आहेत, हे आधी शोधावे. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडावर तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाची प्रक्रिया करण्याची पद्धत २००३ च्या अखेरीस थांबली. त्यापूर्वीच्या फळ्यांवर अशी प्रक्रिया झालेली असू शकते आणि त्यांतले आर्सेनिक मातीत झिरपते. शंका असेल, तर फळ्या आणि त्यांना लागून असलेली माती दोन्ही काढून टाकावीत आणि सीडरच्या साध्या फळ्या बसवाव्यात. फळ्या जाळू मात्र नयेत, कारण तो धूर विषारी असतो. जवळपास काळ्या अक्रोडाचे झाड असेल, तर वाफा त्याच्यापासून दूर करावा, कारण त्याच्या मुळांतून येणाऱ्या द्रव्याने टोमॅटो कोमेजतो.

वाणांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहात. रटगर्स हा वाण आपल्याच राज्यातल्या विद्यापीठाने १९३४ मध्ये प्रसृत केला, आणि रामापो हा संकरित वाणही तिथलाच. या दोहोंपासून सुरुवात करावी आणि सोबत एक चेरी घ्यावा. बी मार्चअखेरीस घरात, उजेडाच्या जागी रुजवावे आणि शेवटचे हिंव ओसरल्यावर, म्हणजे साधारण मेच्या मध्यानंतर, रोपे वाफ्यात न्यावीत. उंच वाफ्याची माती जमिनीपेक्षा लवकर तापते, याचा तिथल्या छोट्या हंगामात खरा फायदा होतो.

साराच्या चवीविषयी सांगायचे, तर आपल्या आठवणीतली चव बहुधा पुसा रूबीच्या कुळातली असावी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सू आणि इम्प्रूव्हड मेरुती या वाणांच्या संकरातून ही जात निवडली. उथळ खाचांचे, रसाळ आणि आंबटसर असे हे फळ घराघरांत पोचले. भारतातून बी सामानातून नेऊ नये, कारण त्यासाठी वनस्पती-आरोग्याची कागदपत्रे लागतात. तिथे मिळणाऱ्या वाणांत जास्त रसाचे आणि कमी गराचे मध्यम फळ शोधावे. गराने भरलेले सॉसचे वाण साराला उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न : पाच वाण शेजारी शेजारी लावले आहेत. घरचे बी धरले, तर पुढच्या वर्षी तेच वाण येतील का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे सरळ वाणांचे बी शेजारी असूनही बरेचसे शुद्ध राहते. संकरित वाणांचे बी मात्र धरू नये, कारण त्यांची पुढची पिढी एकसारखी येत नाही. ब्रँडीवाइनसारख्या बटाट्यासारखी पाने असलेल्या काही वाणांत फुलाची कुक्षी परागकोशाच्या बाहेर डोकावते आणि भुंगे परके पराग आणतात. अशा वाणांच्या न उमललेल्या फुलांच्या घोसावर पातळ मलमलीची पिशवी बांधावी, दुपारच्या आधी घोसाला बोटाने हलके टिचकवावे आणि फळे हरभऱ्याएवढी झाली की पिशवी काढून तिथे रंगीत दोरा बांधावा.

बी निरोगी झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळाचे घ्यावे. गर बियांसकट वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्यावा. वर बुरशीचा पातळ थर आला म्हणजे बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटले असे समजावे. मग त्यात पाणी घालून ढवळावे, तरंगणारे पोचट बी ओतून द्यावे आणि तळाचे बी धुवून चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवावे. कागदावर वाळवले, तर ते चिकटते. वेगवेगळ्या वाणांच्या वाट्या एकाच दिवशी मांडल्यास प्रत्येक वाटीखाली नावाची चिठ्ठी ठेवावी आणि एका वाणाचे बी बशीत जाईपर्यंत दुसऱ्या वाटीला हात लावू नये.