भौतिकशास्त्राच्या पद्धती वापरून आर्थिक विषमता समजते का?

काही अंशी नक्की समजते. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये बिकास चक्रबर्ती आणि सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास यावर फार चांगलं काम केलं. कल्पना अशी, की वायूचे रेणू आदळताना ऊर्जेची देवघेव करतात, तशी माणसं पैशाची करतात.

कॉम्प्युटरवर करून बघा. हजार माणसं, प्रत्येकाकडे 100 रुपये. कुणीही दोघं निवडायचे, त्यांचे पैसे एकत्र करून नशिबाने वाटून द्यायचे आणि हे लाखो वेळा करायचं. कुणी हुशार नाही, कुणी लबाड नाही. तरीही शेवटी सुमारे 63 टक्के लोक सरासरीच्या खाली जातात आणि पैशाच्या क्रमाने रांग लावली तर मधल्या माणसाकडे जेमतेम 69 रुपये उरतात! प्रत्येकाने थोडी बचत बाजूला ठेवूनच व्यवहार केला, तर अगदी कफल्लक माणसं बरीच कमी होतात. कुणाचीही चूक नसताना विषमता येते, हा निष्कर्ष मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण गरिबी म्हणजे आळस हा समज त्याने ढिला पडतो.

अमेरिकेच्या आयकराच्या आकड्यांत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर याकोवेन्को यांना बहुसंख्य लोकांचं उत्पन्न बचत नसलेल्या या पहिल्या प्रयोगातून येणाऱ्या वक्रावरच बसलेलं दिसलं. वरच्या जेमतेम तीनेक टक्क्यांना मात्र पॅरेटोचा वेगळा नियम लागतो, म्हणजे तिथे अतिश्रीमंतांचं प्रमाण या वक्रापेक्षा खूप हळू घटतं.

पण या मॉडेलमध्ये एकूण पैसा कायम असतो. उत्पादन, कर्ज, वारसा, जात यांतलं काहीच नसतं. त्यामुळे यावरून थेट सरकारी धोरण ठरवू नये. अर्थशास्त्रज्ञांची ही टीका मला रास्त वाटते. या विषयात सुरुवात करायची असेल तर आधी सांख्यिकीय भौतिकी, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचं शास्त्र, पक्की करा आणि सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिका.