मालवणात किनाऱ्याजवळ राहतो, बाईक वर्षभरात गंजायला लागली. काय करू?

खारी हवा थांबवता येत नाही, गंजाचा वेग मात्र कमी करता येतो. गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर आधी ते काढा. आत दमट हवा कोंडते आणि झाकलेली गाडीच लवकर गंजते. पडवीत, वारा खेळेल अशी उभी करा.

खरी काळजी चेनची. साधारण दर 500 किलोमीटरला रॉकेल आणि ब्रशने साफ करा, पुसून कोरडी करा, मग मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडा. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलला हवी, चालू चाकात बोटं जातात. पावसाळ्यात तांबडी माती पॉलिशपेपरसारखी घासते, तेव्हा हे आणखी लवकर. पेट्रोल नको, ओ-रिंगची (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर रिंगा खराब होतात.

वाळूत गाडी घातलीत (घालू नका, पण घालणारच!) तर त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याने खालून धुवा. बेअरिंगवर प्रेशरचा फवारा नको. बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलिन.

सायलेन्सर आतूनही गंजतो. नुसतं बाजारापर्यंत जाऊन आलात की तो पुरता तापत नाही आणि आतलं पाणी सुकतच नाही. अधूनमधून लांब, हायवेवरच्या कसालपर्यंत तरी पळवा.