वाचकांचे प्रश्न : मस्टँग, कॅमारो आणि फेरीच्या वेळेचा भरवसा

प्रश्न : मी डेट्रॉईटमध्ये मोटारउद्योगात काम करतो. आमच्याकडे फोर्डचे चाहते आणि शेव्हरोलेचे चाहते असे सरळ दोन तट आहेत. फोर्डवाले म्हणतात, मस्टँग जीटीडीने २०२५ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी ६ मिनिटे ५२.०७२ सेकंदांत पूर्ण केली आणि शेव्हरोलेच्या कॅमारो झेडएल१ वनएलईला २०१७ मध्ये ७ मिनिटे १६.०४ सेकंद लागले, त्यामुळे विषय संपला. शेव्हरोलेवाल्यांच्या मते कंपनीने स्वतः जाहीर केलेली वेळ मानूच नये. कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : दोन्ही वेळा खऱ्या मानायला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने आपल्या सहकाऱ्यांचा वाद मिटत नाही. वेळ विश्वासार्ह आहे का, हा एक प्रश्न झाला आणि दोन वेळा शेजारी ठेवून निकाल देता येतो का, हा दुसरा. चाहत्यांच्या भांडणात पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून सर्रास खपवले जाते.

आधी विश्वासार्हतेविषयी. नुर्बुर्गरिंगच्या जुन्या, डोंगराळ नॉर्डश्लायफे मार्गावर कंपन्या अनेक वर्षे आपापल्या पद्धतीने वेळ मोजत आणि जाहीर करत असत. २००८ मध्ये निस्सानने जीटी-आरसाठी ७ मिनिटे २९ सेकंदांचा दावा केला, तेव्हा पोर्शने स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन चालवली आणि आपल्याला ७ मिनिटे ५४ सेकंदच मिळाले असे सांगितले. त्या वादात दोन्ही बाजूंना स्वतःच्या मालाची काळजी होती, हे वेगळे सांगायला नको. २०१९ पासून ट्रॅकच्या व्यवस्थापनाने नियम घालून दिले : अधिकृत वेळ हवी असेल तर पूर्ण २०.८३२ किलोमीटरची फेरी मोजायची आणि नोटरीच्या देखरेखीखाली मोजायची. त्याआधी अनेक जण प्रेक्षागृहासमोरचा छोटा तुकडा वगळून २०.६ किलोमीटरच मोजत. हा तुकडा किती महागात पडतो, ते पोर्शच्याच एका गाडीवरून कळते. मान्थायचा ट्रॅकसाठीचा सुट्या भागांचा संच बसवून धावलेल्या ९११ जीटी२ आरएसची २०२१ मधली एकाच फेरीची वेळ छोट्या अंतरासाठी ६ मिनिटे ३८.८३५ सेकंद, तर पूर्ण अंतरासाठी ६ मिनिटे ४३.३०० सेकंद अशी नोंदली गेली, म्हणजे साडेचार सेकंद निव्वळ रेघ कुठे ओढली यावर गेले. जीटीडीची वेळ पूर्ण अंतराची आणि अधिकृत आहे, त्यामुळे तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण मला दिसत नाही. २०१९ पूर्वीची कोणतीही वेळ तिच्याशेजारी मांडताना मात्र सुरुवातीची आणि शेवटची रेघ कोणती, हे आधी विचारावे.

आता तुलनेविषयी, आणि खरा गुंता इथेच आहे. हीच जीटीडी, हाच चालक डर्क म्युलर आणि हाच मार्ग असताना फोर्डची पहिली जाहीर वेळ ६ मिनिटे ५७.६८५ सेकंद होती. काही महिन्यांच्या सुधारणांनंतर साडेपाच सेकंदांहून अधिक वाचले. हा फरक सव्वा टक्क्याहून थोडा जास्त भरतो. दीड मिनिटाच्या फेरीत तो सेकंदाच्या आसपास येईल आणि कोणी त्यावर आवाज चढवणार नाही, पण सात मिनिटांच्या मार्गावर तोच साडेपाच सेकंद होऊन बातमी बनतो. हवेचा परिणामही असाच फुगतो. हा ट्रॅक ज्या आयफेलच्या डोंगरात आहे, तिथे एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे नित्याचेच आहे. कॅमारो झेड/२८ ची ७ मिनिटे ३७.४७ सेकंदांची फेरी काही ठिकाणी ओल्या रस्त्यावर झाली होती, आणि कोरड्या रस्त्यावर ती सहा सेकंदांपर्यंत कमी होऊ शकली असती, असे शेव्हरोलेने तेव्हा मोजमापांच्या आधारे सांगितले. ते अशक्य नव्हते, तरी मला हे विधान खटकते, कारण न झालेल्या फेरीला झालेल्या फेरीच्या पंक्तीत बसवता येत नाही.

टायरचा वाटाही मोठा असतो. झेड/२८ वरचे पिरेली ट्रोफेओ आर टायर रस्त्याला इतके चिकटत, की जोरात ब्रेक लावल्यावर चाक टायरच्या आत सरकू लागले आणि चाकाचा आतला पृष्ठभाग अभियंत्यांना मुद्दाम खरखरीत करावा लागला. असे टायर कायदेशीररीत्या रस्त्यावर चालतात, परंतु रोज कचेरीत जाणारा मालक ते क्वचितच घालील.

शिवाय या दोन गाड्या खऱ्या अर्थाने प्रतिस्पर्धी नाहीत. झेडएल१ वनएलई ६५० अश्वशक्तीची, हाताने गिअर बदलायची आणि नवी असताना सुमारे ७० हजार डॉलरची होती. ती फेरी कंपनीचे अभियंते बिल वाइझ यांनी चालवली. जीटीडी ८१५ अश्वशक्तीची आणि तीन लाख डॉलरच्या वर जाते, तर म्युलर हे २०१६ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत फोर्ड जीटीतून आपला वर्ग जिंकलेले व्यावसायिक चालक आहेत. अर्थात अभियंता म्हणजे संथ चालक, असा निष्कर्षही काढू नये. २०१७ सालच्या मॉडेलची झेडएल१ ७ मिनिटे २९.६० सेकंदांत फिरवणारे ड्रू कॅटेल यांनीच २०२५ मध्ये शेव्हरोलेची कॉर्व्हेट झेडआर१एक्स ६ मिनिटे ४९.२७५ सेकंदांत फिरवली.

झेडएल१ वनएलईची खरी जोडी लावायची तर ती ७६० अश्वशक्तीच्या मस्टँग शेल्बी जीटी५०० शी लावावी, तीही ट्रॅकसाठीचा संच बसवलेल्या. अशा जोडीसाठी मी कंपनीच्या पत्रकापेक्षा नियतकालिकाच्या चाचणीवर अधिक भिस्त ठेवतो, पण त्यातही एकाच दिवशी, एकाच चालकाने, नव्या टायरवर दोन्ही गाड्या चालवल्या असतील तरच. ‘कार अँड ड्रायव्हर’ हे अमेरिकी नियतकालिक २००६ पासून व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेच्या सुमारे ६.६ किलोमीटरच्या मार्गावर गाड्यांच्या वेळा घेत आले आहे. उपक्रम उत्तम आहे, तरी वेगवेगळ्या वर्षांतल्या दोन वेळांमधला अर्ध्या सेकंदाचा फरक मी बरोबरीच समजेन.

प्रश्न : डॉज डेमन शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग इतक्या लवकर गाठते, तर ती ट्रॅकवरही सर्वांत वेगवान असायला हवी ना?

उत्तर : नाही. २०१८ ची डेमन पाव मैल ९.६५ सेकंदांत सरळ कापण्यासाठी बांधलेली आहे. वळणावर वजन, टायर आणि सस्पेन्शन या तिन्ही गोष्टी तिच्या विरोधात जातात. अमेरिकेत वेग घेण्याची वेळ बहुधा पहिला एक फूट सोडून मोजतात, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : पुण्यातील माझ्या मित्राने त्याची मस्टँग जीटी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर चालवली आणि मोबाइलवर वेळ मोजली. ही वेळ अमेरिकेतल्या मस्टँगशी ताडून पाहता येईल का?

उत्तर : दोन अडचणी आहेत. २०१६ मध्ये भारतात आलेल्या मस्टँग जीटीची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती होती, तर अमेरिकेत त्याच वर्षीची गाडी ४३५ अश्वशक्तीची होती. दुसरे म्हणजे, फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच स्थान नोंदवतो. ताशी २०० किलोमीटर वेगात गाडी तेवढ्यात ५५ मीटर पुढे जाते आणि रेघ नेमकी कधी ओलांडली, याचा ॲप अंदाज बांधते. बुद्धचा मार्ग ५.१२५ किलोमीटरचा आहे, तिथे दशांश सेकंदांचा वाद घालायचा असेल तर सेकंदाला किमान दहा वेळा स्थान नोंदवणारे वेगळे उपकरण लावा, मोजणीची रेघ सरळ रस्त्यावर ठेवा आणि एका उत्तम फेरीऐवजी लागोपाठच्या तीन फेऱ्या लिहून ठेवा.