डिसेंबरच्या सुट्टीत सगळीकडे झगमगाट असतो, तरी आतून रिकामं वाटतं. या काळाचा आध्यात्मिक अर्थ कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कुठलाच धर्म फारसा पाळत नाही, नाताळपासून नव्या वर्षापर्यंत माणसांच्या गराड्यात असता, हौसेने सगळं साजरं करता, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोकळी जाणवते. ‘आपण सगळे एकच’ हे खरंच अनुभवता येतं, की ते शुभेच्छापत्रावर छापायचं वाक्य आहे, असंही विचारलंय. मी तिथूनच सुरुवात करते. कारण मला तो अनुभव एकदा आलाय, आणि तेव्हा माझ्या डोक्यात सण वगैरे काहीच नव्हतं.

वडील अतिदक्षता विभागात होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बाहेरच्या बाकांवर आम्ही सात-आठ जण, कोणी कोणाच्या ओळखीचं नाही. काचेच्या दारावर कुणीतरी कागदी चांदण्या चिकटवल्या होत्या. एकीचं टोक सुटलं होतं आणि दार उघडलं की ते फडफडायचं. ते फडफडलं की आमच्या सगळ्यांच्या माना एकदम वर. कुणाच्या नावाचा पुकारा होतोय हे कळेपर्यंत सगळ्यांचाच श्वास अडकलेला. दुसऱ्याचं नाव निघालं की हुश्श व्हायचं, आणि मग त्या हुश्श होण्याचीच लाज वाटायची. पहाटेकडे मला डुलकी लागली. जाग आली तर गुडघ्यांवर शाल, अर्धी माझ्यावर आणि अर्धी शेजारच्या आजींच्या मांडीवर. शालीला बामाचा वास होता. त्या जाग्याच होत्या. “गार पडलंय गं,” एवढंच म्हणाल्या. त्यांचा मुलगा आत होता.

अद्वैत हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. त्या शालीखाली तो पहिल्यांदा अंगाला लागला. त्यांची भीती कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, ते मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मला वाटत आलंय की या सुट्टीत आपण एकत्व चुकीच्या ठिकाणी शोधतो. ते गर्दीत, गाण्यांत, एकत्र काढलेल्या फोटोंत सापडेल अशी आपली समजूत असते. पण या दिवसांतले कितीतरी विधी मुळात अंधारात जागणाऱ्या माणसांचे आहेत. पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे २१ किंवा २२ डिसेंबरला उत्तर गोलार्धात वर्षातली सर्वांत मोठी रात्र येते. त्या सुमारास काही दिवस सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी उगवताना दिसतो, जणू तिथेच थबकलाय. (दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन उन्हाळा असतो. तिथली मोठी रात्र जूनमध्ये येते, पण अंधार चुकत कुणालाच नाही.) आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी वास्तू आहे. तिच्या दाराच्या वर एक झरोका ठेवलाय. वर्षातल्या या सर्वांत लहान दिवसांत, आभाळ स्वच्छ असेल तर, उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरतो, सुमारे १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या खोलीपर्यंत पोहोचतो आणि साधारण १७ मिनिटं थांबतो. त्या खोलीत मृतांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या. त्या माणसांची भाषा आज कुणाला येत नाही, पण एवढे दगड रचून त्यांना आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत उजेड न्यायचा होता असं मला वाटतं, आणि ते मला अगदी आतून कळतं.

इराणी लोक यल्दाची रात्र, म्हणजे हीच सर्वांत मोठी रात्र, घरातल्या वडीलधाऱ्यांभोवती बसून जागवतात. नाताळच्या गोष्टीतही बातमी सर्वांत आधी कुणाला कळते? रात्री उघड्यावर कळप राखत जागणाऱ्या मेंढपाळांना. २५ डिसेंबर हीच तारीख का ठरली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, रोममध्ये हा सण या तारखेला पाळल्याची जुनी नोंद ३३६ सालची आहे. तारीख कुठूनही आलेली असो, मला त्या कथेतले जागे मेंढपाळ आपलेसे वाटतात. रुग्णालयाच्या त्या बाकावर आम्हीही तसेच होतो.

ज्यूंच्या हनुक्का या दिव्यांच्या सणाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. आठ रात्री रोज एक दिवा वाढवत न्यायचा, पण त्या दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, कसलं काम करायचं नाही. ते फक्त बघायचे. शमाश नावाचा वेगळा दिवा असतो, त्याने बाकीचे पेटवतात. आपल्या सुट्टीत ‘फक्त बघायचं’ असं काही उरलंय का, सांगा बरं. दिव्यांची माळ लावली की लगेच फोटो, फोटो काढला की तो पाठवायचा, पाठवला की उत्तराची वाट. मला वाटतं तुमची पोकळी इथून येते. तुमच्यात काही कमी आहे म्हणून ती येत नाही.

आता एकत्व टिकतं का, हा तुम्ही न विचारलेला पण मनात असणारच असा प्रश्न. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या डिसेंबरमध्ये, पश्चिम आघाडीवर, फ्लँडर्सच्या चिखलात, जर्मन सैनिकांनी खंदकांच्या कडेला मेणबत्त्या लावलेली छोटी झाडं ठेवली आणि नाताळची गाणी म्हटली. समोरून ब्रिटिशांनी त्यांची गाणी म्हटली. मग कित्येक ठिकाणी दोन्हीकडची माणसं मधल्या मोकळ्या जमिनीत आली. एके ठिकाणी दोन्ही बाजूंच्या मृतांचं दफन एकत्र झालं आणि प्रार्थना इंग्रजीत आणि जर्मनमध्ये म्हटली गेली. नंतर लढाई पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षी असं होऊ नये म्हणून वरिष्ठांनी कडक हुकूम काढले. पण ज्याला माणूस मुळातच परका वाटतो, त्याला असा हुकूम कशाला लागेल? ती रात्र युद्ध थांबवू शकली नाही, तरी मी तिला खोटी म्हणणार नाही. आम्हा दोघींची शालही सकाळी निघालीच होती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर २१ तारखेला, किंवा सोयीच्या कुठल्याही रात्री, घरातले सगळे दिवे बंद करा आणि आधी अंधारातच बसा. पाचेक मिनिटं नको वाटेल. फोनकडे हात जाईल, जाऊ देऊ नका. गेलेली माणसं आठवतील, कुणाशी तुटलेलं बोलणं आठवेल, रडूही येईल. येऊ द्या. मग एकच दिवा लावा आणि त्याच्याकडून काही मागू नका. ज्योत वातीपाशी निळसर असते आणि वर पिवळी होत जाते. आपण श्वास सोडला की ती किंचित कलते. मी दरवर्षी एवढंच बघत बसते. त्याच रात्री कुठल्याशा बाकावर, कुठल्याशा खिडकीशी किती माणसं दार उघडण्याची वाट बघत असतील, हे मुद्दाम आठवावं लागत नाही, ते आपोआप मनात येतं. ज्या वर्षी उठून कुणाला तरी फोन करावासा वाटतो, त्या वर्षी मी तो करते.

वडील घरी आले. आजींच्या मुलाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. सकाळी त्यांना आत बोलावलं तेव्हा शाल माझ्याच गुडघ्यांवर राहिली होती. मी घडी करून त्यांच्या पिशवीवर ठेवली आणि परत आले तेव्हा बाक रिकामा होता. अजूनही दिवा लावला की आधी त्यांचाच चेहरा समोर येतो.