क्रोममध्ये शेकडो बुकमार्क साठलेत, केळीचे भाव, सातबारा, विद्यापीठाचा निकाल, काहीच वेळेवर सापडत नाही. काय करू?

भाऊ, आधी फोल्डर करत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकदम दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडेल. मेलेल्या लिंका आणि 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेलं सगळं उडवा. ते नंतर कधी येत नाही.

रोज लागणारी पाच-सहा पानंच वरच्या पट्टीवर ठेवा. एडिटमध्ये जाऊन नाव पूर्ण पुसलं तर नुसतं चिन्ह उरतं, जागा वाचते. बाकीच्यांना मात्र स्वतःच्या भाषेत नाव द्या. साइटचं लांबलचक सरकारी शीर्षक तसंच ठेवलं तर शोधताना आठवणार नाही. 'सातबारा यावल' किंवा 'केळी भाव रावेर' लगेच आठवतं. मग ॲड्रेस बारमध्ये @ टाइप करा, बुकमार्क्सचा पर्याय निवडा आणि त्या नावातला एक शब्द लिहा. फोल्डर तीन पुरेत: शेती, कागदपत्रं, पोरांचं शिक्षण.

एक गोष्ट बहुतेकांची चुकते. गट नंबर, कॅप्चा टाकून उघडलेलं सातबाऱ्याचं पान बुकमार्क करून उपयोग नाही. सेशन संपलं की ती लिंक चालत नाही. महाभूलेखचं मुख्य पान ठेवा, उतारा पीडीएफ करून घ्या. निकालाचंही तसंच.

आणि कॉम्प्युटर फॉरमॅटला देण्याआधी त्याच मॅनेजरच्या तीन टिंबांतून एक्स्पोर्ट करा. एचटीएमएल फाइल मिळते, ती फायरफॉक्समध्येही चालते.